डाळ शिजविणारे पाणी आणि काळी जमीन

गंगापूर तालुक्यात कोणाच्या शेतात नवी विहीर लागली, अथवा बोअरला पाणी आले, म्हणजे त्या पाण्याची पहिली परीक्षा पिकावर होत नसून चुलीवर होते. घरधनीण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घालते. डाळ लवकर फुटून एकजीव झाली आणि धुण्याच्या दगडावर साबणास भरपूर फेस आला, की 'पाणी चांगले लागले' असा निर्वाळा मिळतो. उलट डाळ गोटा राहिली, साबण फाटून त्याची चिकट साय बादलीवर तरंगू लागली, की ते पाणी 'जड' म्हणून नावे ठेवण्यास मोकळे. घरापुरता हा निकाल बरोबरच आहे. परंतु काळ्या जमिनीच्या दृष्टीने पाहिले तर तो पुष्कळदा उलटा ठरतो. ज्या पाण्यास चुलीवर दोष द्यावा ते शेतास मानवते, आणि ज्याची चुलीवर स्तुती व्हावी अशा पाण्यांपैकी काही पाणी दहा-पाच वर्षांत जमीन चोपण करून सोडते. असे का घडावे, व ते घडण्यापूर्वी शेतकऱ्यास घरच्या घरी कसे ओळखता येईल, हे येथे सांगावयाचे आहे.

पाण्याचे जडपण म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम. पैकी कॅल्शियम म्हणजे चुन्यातील मूलद्रव्य होय. डाळीच्या दाण्यातील पेशी ज्या चिकट द्रव्याने एकमेकींस जोडलेल्या असतात, त्या द्रव्याशी कॅल्शियम संयोग पावते व सांधे अधिकच घट्ट करते. म्हणून दाणा फुटत नाही. साबणाशीही ते असाच संयोग करून न विरघळणारी साय बनविते. आता ह्याच पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. डाळ भराभर शिजते. सोड्यातील मूलद्रव्य सोडियम. त्यास डाळीचे सांधे घट्ट करता येत नाहीत, आणि सोड्याच्या अंगच्या गुणाने कॅल्शियम निष्प्रभ होऊन ते सांधे उलट सैल पडतात. तेव्हा डाळ लवकर शिजविणारे पाणी दोन प्रकारचे असू शकते. एक पावसाच्या पाण्यासारखे, ज्यात क्षारच थोडे. आणि दुसरे असे की ज्यात निसर्गानेच सोडा घालून ठेवला आहे. चुलीस ह्या दोहोंतील भेद कळत नाही, जमिनीस मात्र चांगलाच कळतो.

तो कसा कळतो हे समजण्यास प्रथम मातीकडे वळले पाहिजे. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. दौलताबादचा डोंगर आणि वेरूळची लेणी ह्याच पाषाणातली. हा दगड कुजता कुजता त्याचे जे अत्यंत बारीक शेष राहते, त्यास शास्त्रज्ञ मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. फ्रान्स देशातील एका गावावरून हे नाव पडले. आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचा वाटा शेकडा ४० ते ६० पर्यंत असतो, आणि तीत बहुतांश ह्याच जातीचा भरणा असतो. तिचा कण वाळूच्या कणासारखा गोटीवजा नसतो. तो अभ्रकाप्रमाणे पापुद्र्यांचा बनलेला असतो, व पापुद्रा इतका पातळ की १ मिलिमीटर जाडीत तसे १० लक्ष रचता यावेत. शुद्ध स्वरूपातील ह्या मातीच्या अवघ्या १ ग्रॅमातील सर्व पापुद्र्यांच्या दोन्ही बाजू उलगडून मांडल्या, तर सुमारे ७५० चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांहून अधिक जागा व्यापेल. पाच-सहा ग्रॅम मातीत एक एकर! चिमटीत मावणाऱ्या वस्तूत एवढे पृष्ठ सामावलेले असता पाणी व क्षार ह्यांशी तिचा व्यवहार मोठा असावा, ह्यात नवल नाही.

जाता जाता रंगाविषयी एक गोष्ट. माती काळी म्हणजे तीत कुजलेले सेंद्रिय द्रव्य विपुल, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः आमच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी निघतो. थोडेसेच सेंद्रिय द्रव्य ह्या पापुद्र्यांशी इतके एकरूप होऊन बसते की सबंध माती काळी दिसते. सबब काळ्या रंगावर विसंबून शेणखतात काटकसर करणे हे फसवणूक करून घेणे होय.

आता मुख्य गोष्ट. ह्या पापुद्र्यांवर ऋण विद्युत् असते. सारख्याच विजेचे असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटू पाहतात. त्यांस एकत्र धरून ठेवतात ते त्यांच्या मध्ये शिरलेले धन विद्युत् असलेले क्षारमूल. कॅल्शियमच्या अंगी दोन घटक विद्युत् असते, सोडियमच्या अंगी एकच. दृष्टान्त स्थूल आहे, पण सोयीचा म्हणून सांगतो: कॅल्शियम हा दोन हातांचा माणूस, एका हाताने हा पापुद्रा धरतो व दुसऱ्याने तो. सोडियम एकहाती, त्यातून तो आपल्याभोवती पाण्याचे मोठे वेष्टन घेऊन बसतो, म्हणून त्याचा विळखा सैल. कॅल्शियमने बांधलेली माती ओली झाली की पापुद्र्यांमध्ये पाण्याचे काही थर शिरतात, माती फुगते, आणि तेथेच थांबते. तिचे लहान लहान रवे कायम राहतात, त्यांमधून हवा व पाणी खेळते. सोडियमने व्यापलेली माती ओली झाली की पापुद्रे एकमेकांपासून सुटतात ते सुटतच जातात. रव्यांचा चिखल होतो, तो चिखल खालच्या छिद्रांत उतरून ती बुजवितो, व वाळला की दगडासारखा होतो. चोपण जमीन म्हणतात ती हीच.

निरोगी काळी माती फुगते व आकसते, हा तिचा दोष समजण्याचे कारण नाही. चैत्र-वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात व त्या पुरुषभर देखील खोल जातात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पहिला पाऊस सरळ त्यांवाटे तळाशी पोचतो; मग माती फुगून भेगा मिटतात, आणि आत पडलेल्या जादा मातीस जागा नसल्याने खालचे थर तिरपे वर सरकतात. नवीन विहीर किंवा शेततळे खणताना एक ते तीन हात खोलीवर काळवटीत चाकूने कापल्यासारखे तुकतुकीत, तिरपे पृष्ठ आढळतात, ते ह्या घसटीचेच. बैल व नांगर नसताही जमीन स्वतःस अशी नांगरीत असते. ह्या दाबाचा जोर सामान्य नव्हे. चांगल्या फुगणाऱ्या काळ्या मातीचा दाब चौरस मीटरास वीस-तीस टनांवर जाऊ शकतो, मग काळीवर बांधलेल्या हलक्या घराची भिंत तडकल्यास आश्चर्य ते काय? घराच्या पायाखाली व जमिनीखाली मुरूम भरण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची आहे, हे मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. कट्टी ह्यांच्या संशोधनाने दिसून आले. न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा सुमारे मीटरभर थर मध्ये असला म्हणजे खालच्या काळीचा उठाव बराचसा दबतो, असे त्यांनी दाखविले; कालव्यांच्या बांधकामात ही युक्ती वापरली जाते.

वाफशाचे गूढही ह्या पापुद्र्यांतच आहे. स्वीडनचे रसायनवेत्ते आटरबर्ग ह्यांनी १९११ मध्ये मातीच्या ओलेपणाच्या पायऱ्या ठरविल्या. माती तळहातावर वळून सुमारे ३ मिलिमीटर जाडीची वळी न मोडता होत असेल, तर ती अद्याप लवचीक अवस्थेत आहे. वळी होता होता तुटू लागली की ती अवस्था संपली. नांगर-वखर घालण्यास योग्य वेळ ह्या हद्दीच्या किंचित अलीकडची, कोरडीकडची. आमचा जाणता शेतकरी मातीचा गोळा दाबून व टाकून हेच पाहतो. हद्दीपूर्वी औत घातले, म्हणजे पापुद्रे एका दिशेने दाबले जाऊन ढेकळे बनतात व ती पुढे वर्षभर पिच्छा सोडीत नाहीत.

असो. कॅल्शियमची जागा सोडियम कशी पटकावतो, इकडे वळू. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व सोडियम दोन्ही असतात, आणि त्यांबरोबर बायकार्बोनेटही असते. बंबात पाणी तापविले की आत पांढरी खपली धरते, हे सर्वांस ठाऊक आहे. तापविल्याने बायकार्बोनेट फुटले, कर्बवायू उडून गेला, आणि पाण्यातले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बंबास चिकटले. शेतात बंब नसतो, पण ऊन असते व पिकाची मुळे असतात. दिलेले पाणी उडून जाते, मुळे ते शोषून घेतात, मागे राहिलेले द्रावण दाट होत जाते, आणि बंबात जे तासाभरात होते ते जमिनीत हळूहळू होते. बायकार्बोनेट कॅल्शियमच्या मानाने अधिक असेल तर सगळे कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडते व द्रावणात उरतो केवळ सोडियम. मग पापुद्र्यांवरील कॅल्शियमही एकेक करून सुटते, चुनखडी होते, आणि त्याच्या जागी सोडियम बसतो. म्हणूनच चुनखडीने भरलेली जमीनही चोपण झालेली आढळते. पुष्कळांस हा विरोधाभास वाटतो. घरात धान्याचे कणगे भरलेले, पण त्यास कुलूप. तशी त्या जमिनीची स्थिती. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा ती असून नसल्यासारखी.

जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटाहून अधिक असते, म्हणून असा प्रकार त्याने होत नाही. साबण फाडणारे पाणी शेतास मानवते ते ह्यामुळे. (त्यात एकंदर मीठच फार असेल, पाणी मचूळ लागत असेल, तर तो दोष निराळा.) आपल्या पाषाणातील उथळ विहिरींचे पाणी बहुधा जडच असते. खोल बोअरांच्या पाण्यात मात्र कधी कधी सोडियम व बायकार्बोनेट ह्यांचे प्राबल्य दिसते, आणि दुष्काळात बोअर खोल खोल जात असताना ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात 'रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट' असा एक आकडा असतो. तो १.२५ च्या आत असल्यास पाणी निर्धोक, २.५ च्या वर असल्यास काळ्या जमिनीस वर्ज्य, मधला असल्यास जपून वापरावे, असा सर्वमान्य संकेत आहे.

ह्यात आणखी एक फसगत आहे व तीच सर्वांत वाईट. अशा पाण्याने भिजणारी जमीन आरंभी बरी दिसते. पाण्यातले विरघळलेले क्षार जोवर मातीत आहेत तोवर ते पापुद्र्यांस, सोडियम असूनही, एकत्र दाबून ठेवतात. मग पावसाळ्यात स्वच्छ पाणी पडते, मोकळे क्षार धुऊन खाली जातात, पापुद्र्यांस धरून बसलेला सोडियम तेवढा मागे राहतो, आणि एकाच मोठ्या पावसात जमीन बसते. पाणी तुंबते, कपाशी पिवळी पडते. शेतकरी पावसास दोष देतो. रोग मात्र मागील आठ-दहा उन्हाळ्यांत जडलेला असतो.

हे सर्व कल्पनेचे नव्हे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, बारामतीकडे उसाचे मळे उभे राहिले, आणि पुढील पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातील जमिनी क्षाराने बिघडल्याची ओरड इतकी वाढली की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी सहकाऱ्यासह तिची तपासणी करून १९१० मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. तेथे मुख्य कारण अति पाणी व निचऱ्याचा अभाव हे होते. वऱ्हाडात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठचा खारपाण पट्टा हे दुसरे उदाहरण. तेथे भूगर्भातील पाणीच खारे. सर्वसाधारण जमिनीत सोडियमचे प्रमाण एकंदर क्षारमुलांच्या शेकडा १५ झाले म्हणजे तीस चोपण म्हणण्याची पद्धत आहे; परंतु ह्या भागातील भारी काळ्या जमिनीत शेकडा ५-६ प्रमाणासही निचरा खुंटू लागतो, असे संशोधकांस आढळून आले. हलक्या जमिनीचे माप काळीस लावू नये, हा त्याचा अर्थ. गंगापूर तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचे पाणी येते, आणि १९७६ मध्ये पुरे झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा तालुक्याच्या दक्षिण काठास भिडला आहे. नदीचे हे पाणी स्वतः बहुधा गोडे व निर्दोष असते. पण ते मिळू लागले की भूजल वर येते, आणि तेव्हा खालचे क्षार वर चढण्यास वाट मिळते.

शेतात जो गुण शाप, तोच छपरावर वर ठरतो. मराठवाड्यातील माळवदावर पसरावयास शेतातली काळी माती कोणी घेत नाही. ती वाळली की भेगाळते व गळते. त्यासाठी पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची खारवट माती आणतात. शतकानुशतके राख, शेण, मूत्र पडून तीत क्षार मुरलेले असतात. पहिल्या पावसाने तिचे पापुद्रे सुटून छिद्रे बुजतात, आणि छप्पर पाणी धरते. पाझरणाऱ्या तळ्याच्या मातीत धुण्याचा सोडा मिसळून तळ बंद करण्याची रीत परदेशांत आहे, तीही ह्याच तत्त्वावर. चोपण जमीन म्हणजे जिचे माळवद झाले आहे अशी जमीन, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

उलट क्रियाही घरोघर होते. आषाढ-श्रावणात गोदावरीस गढूळ पाणी येते, तेव्हा कायगाव टोक्याकडील जुन्या चालीप्रमाणे घागरीत तुरटी फिरवितात. तो गढूळपणा म्हणजे सुटे झालेले पापुद्रेच. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या अंगी तीन घटक विद्युत् असते, म्हणून त्याची थोडीशी मात्रा पापुद्र्यांच्या गाठी करून त्यांस तळाशी नेते. जमिनीस जिप्सम देतात ते ह्याच कामासाठी. जिप्सममध्ये कॅल्शियम असते व ते चुनखडीच्या मानाने पुष्कळच विरघळते. ते सोडियमला पापुद्र्यांवरून उठविते. मात्र उठविलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जाण्यास वाट हवी. चर काढल्यावाचून जिप्सम टाकणे म्हणजे पाहुण्यास दार बंद ठेवून निरोप देणे.

आता घरगुती परीक्षा. पहिली पाण्याची. विहिरीचे दोन तांबे पाणी स्वच्छ पातेल्यात आटवून अर्धा तांबा करावे, थंड झाल्यावर दुपदरी कापडातून गाळावे, व गाळलेल्या पाण्याचे चार थेंब हळदीने रंगविलेल्या पांढऱ्या कागदावर टाकावे. हळदीस चुना लागून कुंकवाचा रंग येतो, तो खाराचा परिणाम होय. पाण्यात मूळचा सोडा असेल तर आटविल्याने त्याचा पापडखाराच्या जातीचा तीव्र खार होतो व कागद स्पष्ट तांबूस पडतो. किंचित छटा आली तर तेवढ्यावरून निर्णय करू नये. जी डाळ उत्तम शिजविते व हळद तांबडी करते, त्या विहिरीचे पाणी जमिनीस देण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेच.

दुसरी मातीची. हिचे मूळ ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ इमर्सन ह्यांच्या १९६७ च्या पद्धतीत आहे. शेतातून वरच्या थरातले व हातभर खोलीवरचे, हरभऱ्याएवढे वाळलेले खडे घ्यावे. काचेच्या पेल्यात पावसाचे साठविलेले पाणी किंवा बॅटरीत घालावयाचे पाणी ओतून त्यात खडा अलगद सोडावा, आणि पेला मुळीच हलवू नये. खडा बुडबुडे सोडीत फुटून त्याच्या चिपा होतील. त्यास घाबरू नये. आत कोंडलेली हवा बाहेर पडताना निरोगी काळी माती अशीच फुटते. दोन तासांनी पाहावे. भोवतालचे पाणी नितळ असेल तर जमीन कॅल्शियमच्या ताब्यात आहे. चिपांभोवती दुधासारखे धुके पसरले असेल तर सोडियमने घर केले आहे. दुसऱ्या पेल्यात आधी चिमूटभर जिप्सम विरघळवून तसाच खडा सोडावा. धुके उठत नाही हे डोळ्यांस दिसेल. (शाळेतला खडूही पुष्कळदा जिप्समचा असतो, त्याची पूड चालते.) विहिरीच्या पाण्यात हा प्रयोग करणे व्यर्थ. त्यातले क्षार पापुद्र्यांस दाबून धरतात, व आजारी माती निरोगी दिसते.

जिप्सम किती लागेल ते माती तपासूनच ठरवावे. अदमासासाठी एवढे सांगता येईल की, भारी काळ्या जमिनीत सोडियमचे प्रमाण शेकडा दहाने उतरवावयाचे झाल्यास एका एकराच्या फूटभर थरास हिशेबाने सहा-सात टन जिप्सम होते. तेवढे एकदम कोणी टाकीत नाही. हिशेबाच्या निम्मे किंवा त्याहून कमी, वरच्या थरात मिसळून, पावसाळ्यापूर्वी देतात. जोडीस शेणखत व धैंचा-ताग गाडणे उपयोगी, कारण ते कुजताना जो कर्बवायू निघतो त्याने जमिनीतल्या त्या कुलूपबंद चुनखडीपैकी काही विरघळून मोकळी होते. ज्यांचे पाणी संशयास्पद आहे पण सोडवत नाही, त्यांनी ते कालव्याच्या पाण्याशी आलटून-पालटून द्यावे. पाण्याचा नमुना वैशाखात, विहीर तळास गेली असता घ्यावा; पावसाळ्यात घेतलेला नमुना बोअरच्या पाण्याची खरी प्रकृती दाखवीत नाही.